निकेलचं रिव्हॉल्व्हर: पुसलं तरी त्याच जागी परत येणारे डाग

पाऊस सरला की आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला. कातडी कव्हरातून नाहीतर टर्किशच्या टॉवेलातून निकेलचं जुनं रिव्हॉल्व्हर काउंटरवर येतं, शेजारी परवान्याचं पुस्तक, आणि मालक म्हणतो, "गेल्या वर्षी घासून आरसा केला होता हो. परत तेच डाग, त्याच जागी." आणि लगेच पुढचं: "कोणतं पॉलिश लावू?"

पॉलिशचं शेवटी बघू. 'त्याच जागी' हे जे सहज बोलून गेलात, त्यात निम्मं उत्तर आहे. डाग कुठे येतो, कोणत्या रंगाचा येतो आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत दिसायला लागतो, एवढं सांगा. मग काय लावायचं ते पाच मिनिटांत ठरतं. हे न विचारता घासत बसलात तर डाग परत येणार, आणि दरवर्षी मुलामा थोडा-थोडा कमी होणार.

गुहागरकडच्या एका बागायतदारांच्या हत्याराची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळेच डाग एकत्र होते. त्यांना नाना म्हणू. आजोबांचं हत्यार, वारसाने रीतसर परवान्यावर चढवलेलं. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसनच्या घडणीचं .३२ मापाचं, मधून मोडणारं (म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायचं), पाच गोळ्यांची चक्री, काळ्या कडक रबराची मूठ. नाना तीन वर्षं लागोपाठ आले. पहिल्या दोन वर्षी मीच फसलो, तेही सांगतो.

हात लावण्याआधी

जुनं हत्यार रिकामं आहे असं घरातल्या चार जणांनी सांगितलं तरी स्वतः मोडून, म्हणजे उघडून, चक्रीतलं प्रत्येक घर डोळ्यांनी बघायचं, करंगळीने चाचपायचं. काडतुसं असतील तर ती दुसऱ्या खोलीत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चक्रीत काडतूस अडकून बसलं असेल तर ते ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. तसंच परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि साफ झालं म्हणून ते झाडण्याजोगं झालं असं नाही. चक्री घोड्याबरोबर नेमकी जागेवर बसते का, मोडायची कडी ढिली आहे का, नळीत खड्डे किती, हे तपासल्याशिवाय त्यातून गोळी नको. आज मिळणारं .३२ लाँग काडतूस त्या आखूड चक्रीत बसतही नाही, पुढे डोकावतं. "थोडं घासून बसवून द्या" म्हणणारेही भेटतात. त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

दुसरी खात्री म्हणजे ते निकेलच आहे ना. पांढरं चमकतं म्हणून सगळं निकेल नसतं. घरात जुनी नाणी असतील तर १९५०चा निकेलचा रुपया आणि आजचा स्टेनलेसचा रुपया शेजारी-शेजारी ठेवा. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. क्रोमची झाक निळसर. स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं ते १९६५ साली, स्मिथ अँड वेसनचंच मॉडेल ६०. त्यामुळे आजोबांच्या काळातलं पांढरं हत्यार स्टेनलेस नसतं.

गंजतं कोण?

निकेल गंजत नाही. तपकिरी ठिपका दिसतो तो खालच्या पोलादाचा. अमेरिकेत बोस्टनच्या आयझॅक अॅडम्सने १८६९ साली निकेलच्या विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत खिशातल्या रिव्हॉल्व्हरांवर हा मुलामा सर्रास दिसू लागला. दिसायला देखणा, घामाला टिकणारा. पण थर केसापेक्षाही कितीतरी पातळ, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात.

इथे एक खोच आहे. आपल्या छपरावरचा जीआय पत्रा घ्या. त्यावरचं जस्त स्वतः झिजतं आणि खालचं लोखंड राखतं. ओरखडा पडला तरी पत्रा बरेच दिवस तग धरतो. निकेलचं उलटं. निकेल आणि पोलाद यांच्यामध्ये ओलावा गेला की झिजतं ते पोलाद, आणि तेही सगळा जोर त्या छिद्रावर एकवटून. म्हणून वर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो आणि आत खड्डा पसरलेला असतो. वरचा ठिपका घासलात की दिसणं बंद होतं. खड्ड्यातला गंज आणि ओल तशीच राहते. पुढच्या पावसात डाग 'परत' येतो म्हणता, तो खरं तर कुठे गेलेलाच नसतो.

बऱ्याच मुलाम्यांत निकेलखाली तांब्याचा पातळ थर असतो. कारखान्याने दिलेला असो की मधल्या काळात कुणी फेरमुलामा करताना दिलेला असो, तुम्हाला बाहेरून कळत नाही. तेव्हा तो आहे असंच धरून चाला.

नानांचं पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी तपकिरी ठिपके फक्त उजव्या अंगाला होते. चक्रीच्या उजव्या बाजूला आणि नळीच्या बुडाशी. मी ते तेलात भिजवून काढले आणि हत्यार परत दिलं. कव्हर बघितलंच नाही. पुढच्या वर्षी तेच ठिपके. मग कव्हर मागवलं. जाड कातडी, आतून काळपट, उन्हात ठेवलं तरी हाताला गारवा लागणारं. हत्यार त्यात उजव्या कुशीवर कपाटाच्या तळाशी पडलेलं असायचं. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात, आणि कातडं हवेतली ओल ओढून धरतं. कोकणातल्या आषाढ-श्रावणात तर ते ओल्या फडक्यासारखंच. कव्हर हे हत्यार नेण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नव्हे. फोम लावलेल्या पेट्यांचंही तेच. फोम ओल धरतो, आणि कधी-कधी कुजून निकेलला चिकटतो.

ठिपके एका कुशीला असतील तर ते ज्यावर टेकतं त्याच्यावर संशय घ्या. ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर हवेतली ओल. मुठीच्या कडेने रेषेत असतील तर मूठ काढून बघावीच लागेल, कारण पट्टीखाली घाम साचतो. बोटांच्या आकाराचा डाग असेल तर तो बोटांचाच.

हिरवं दिसलं की घाबरा

नानांच्या हत्यारावर चापाच्या कडीभोवती आणि नळीच्या तोंडाशी हिरवट, मेणासारखा थर होता. तपकिरी गंजापेक्षा हा रंग मला जास्त खटकतो. हिरवं म्हणजे तांबं. तांबं बाहेर दिसतंय म्हणजे निकेलची कड उघडी पडलीय आणि खालचा थर कुणीतरी खातंय.

दोन चोर सापडले. पहिलं खोबरेल. आमच्याकडे बिजागरीपासून केसांपर्यंत खोबरेल चालतं, तसं नाना दर महिन्याला हत्यारालाही चोळायचे. खोबरेल खवट झालं की त्यात आम्लं सुटतात आणि तांब्याशी मिळून हिरवा साबण तयार करतात. थंडीत ते गोठतं, त्यावर धूळ बसते. दुसरा चोर म्हणजे समया आणि पितळेची भांडी घासायचं पॉलिश. अशा पॉलिशमध्ये बरेचदा अमोनिया असतो, आणि अमोनिया तांबं विरघळवतो. अखंड निकेलवर त्याचं फारसं चालत नाही, पण उखडलेल्या कडेतून, छिद्रातून तो आत शिरतो, खालचं तांबं नेतो आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं उभं राहतं. मग एक दिवस ते फडक्याला अडकून निघतं. नळी साफ करायच्या काही द्रावणांतही अमोनिया असतो, कारण नळीतलं गोळीचं तांबं काढायला तोच लागतो. बाटलीचा वास घ्या. नाकात झणझणलं तर ती बाटली निकेलच्या हत्यारापासून लांब. वापरावंच लागलं तर फक्त नळीत, आणि लगेच पुसून कोरडं.

चिंच, लिंबू, कोकमाची आगळ, व्हिनेगर, कोल्ड्रिंक यांचंही हेच. आजी तांब्याचा बंब चिंचेने लख्ख करायची, खरं आहे, पण बंबावर मुलामा नव्हता. आम्ल छिद्रातून खाली जातं आणि पोलाद खातं. रांगोळी, टूथपेस्ट आणि राख यांनी चमक येते ती निकेल खरवडून. स्टीलची घासणी तर दुहेरी नुकसान करते. एकतर ओरखडे, आणि तिचे बारीक तुकडे कोपऱ्यांत अडकतात आणि तेच पुढे गंजतात. हे तुकडे हत्यारावरचा गंज समजून तासभर घासत बसलेला माणूस मी पाहिलाय. तो माणूस म्हणजे मीच, अठराव्या वर्षी, वडिलांच्या दुकानात.

साफ कसं करायचं

मूठ आधी उतरवा. स्क्रू पूर्ण काढू नका. चार आटे ढिला करून स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकं दाबलं की पलीकडची पट्टी आपोआप सुटते. मग दुसरी आतून अंगठ्याने ढकला. कडेत पेचकस घालून उचकटलं तर शंभर वर्षांचं कडक रबर बिस्किटासारखं मोडतं. हे रबर गरम पाण्यात घालू नका, उन्हात वाळवू नका, काळ्याचं तपकिरी होतं. शिंपल्याची मूठ असेल तर तिला तेल, रॉकेल काहीच नको. पेचकसाचं पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारं असावं. खाच चिघळली की हत्याराची किंमत तिथेच निम्मी.

बाजूची झाकणपट्टी उघडायची गरज बहुतेकांना नसते. आतल्या स्प्रिंगा उडाल्या की त्या जागेवर बसवणं घरचं काम नाही.

आता कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. हो, पाणी. ऐकून लोक दचकतात. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी झाडली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतली ओल ओढतं आणि तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. घामाच्या मिठाचंही तेच. तेव्हा मऊ दातांचा ब्रश, साबणाचं पाणी, नळीत आणि चक्रीच्या घरांत फ्लॅनेलची चिंधी, मग स्वच्छ पाणी, आणि लगेच सुती फडक्याने कोरडं. जुन्या धोतराची चिंधी यासाठी उत्तम. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा सांध्यांत मारा आणि पाठोपाठ आत पातळ तेल सोडा. डब्लूडी-४० पाणी हुसकायला चांगलं, पण टिकणारं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. ते पुसून शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक सांध्यावर एक थेंब, पुरतं.

ठिपक्यांसाठी घाई नको. प्रत्येक ठिपक्यावर गंज सैल करणाऱ्या तेलाचा थेंब, त्यावर तेलात भिजवलेला कापूस, आणि रात्रभर तसंच. सकाळी बांबूच्या कामटीने, तिरकी धरून, हलकेच खरवडा. निकेल बांबूपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे ओरखडा पडत नाही. पितळेच्या ब्रशनेही जमतं, पण त्याने पिवळी रेघ उमटते आणि ती काढायला पुन्हा घासावं लागतं. चार-पाच दिवस हेच. फडक्यावर तपकिरी यायचं थांबलं की थांबा. मागे काळा बिंदू राहील, तो राहू द्या. तो खड्डा आहे. खड्डा घासून भरत नाही, फक्त भोवतीचं निकेल जातं आणि तो रुंदावतो.

चक्रीच्या तोंडावरच्या काळ्या कडांवर तास घालवू नका. दारूचा जाळ आहे, पुढच्या सरावाला परत येणारच.

सगळं कोरडं झाल्यावर जो दुधाळ धुरकटपणा उरतो तो निकेलचा स्वतःचा. इथे, आणि फक्त इथेच, पॉलिशची पाळी. अमोनिया नसलेलं, अगदी बारीक दाण्याचं, वाटाण्याएवढं, मऊ कापडावर. अक्षरांवरून नेऊ नका, कडांवरून नेऊ नका. कापड काळं होतंय ते मळाचं असतं तसंच निकेलचंही असतं. एकदा करा आणि पाच वर्षं विसरा. पापुद्रा सुटलेली जागा असेल तर तिथे पॉलिश अजिबात नको.

मग मेण. तेल उभ्या पृष्ठभागावरून ओघळून जातं आणि धूळ धरतं. मेण छिद्रात आणि खड्ड्यात बसून राहतं. संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण सर्वांत चांगलं, ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात त्याची कृती ठरली. गाडीचं साधं मेणही चालतं, फक्त त्यात घासणारे कण नसल्याची डब्यावर खात्री करा. दोन पातळ हात, मध्ये तासाचं अंतर, आणि मऊ कापडाने पुसून घ्या.

तिसरं वर्ष

कव्हर बदललं, खोबरेल बंद झालं, मेण लावलं. तरी तिसऱ्या वर्षी नाना आले ते नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर. कुशीवरचे ठिपके नव्हते. हिरवं नव्हतं. पण नळीवरच्या अक्षरांत, मागच्या स्क्रूच्या खाचेत आणि घोड्याच्या बुडाशी लालसर-तपकिरी रेषा होत्या. मी आधी म्हटलं, दमट हवा. पण पाऊस संपून महिना झालेला, आणि गणपतीत त्यांच्या मुलाने काढलेल्या फोटोत हत्यार स्वच्छ होतं.

"नाना, गणपती ते दिवाळी यात याला कोणी हात लावला?"

"छे हो. खंडेनवमीला पूजेला काढलं तेवढंच."

मग उलगडा झाला. पाटावर कोयता, पहार, आजोबांची तलवार आणि मध्ये हे. त्यावर गंध, हळद-कुंकू, अक्षता, फुलाने पाणी शिंपडायचं, झेंडूची ओली फुलं रात्रभर तशीच. दुसऱ्या दिवशी वरवर पुसून कपाटात. घरच्या कुंकवात हळदीबरोबर लिंबाचा रस आणि तुरटी असते. वहिनींचं कुंकू घरचंच होतं. भिंगाखाली अक्षरांच्या खोबणीत गंजाबरोबर लाल पूड स्पष्ट दिसली. पहिल्या दोन वर्षीही ती असणार, मी गंज म्हणून काढून टाकली.

आता ज्यांच्या घरी शस्त्रपूजा होते त्या सगळ्यांना मी हे विचारतो, आणि दहांतले निदान चार-पाच जण कपाळावर हात मारतात.

ठेवायचं कसं

सुती कापडात सैल गुंडाळून, कोरड्या कुलूपबंद पेटीत, भिंतीला न टेकवता. पेटीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारं घ्या आणि रंग बदलला की तापवून वाळवा, नाहीतर ओली पुडी ठेवून उपयोग काय. पंधरा-वीस दिवसांनी उघडून बघा. साध्या सुती हातमोज्याने धरलं तर बोटांचे ठसे उमटत नाहीत. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलाद भराभर गंजू लागतं, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते.

निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश आला तर नेण्याच्या आदल्या दिवशी मेणाचा हात द्या, आत तेल सोडा आणि गंजरोधक कागदात गुंडाळून द्या. कातडी कव्हरात देऊ नका. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, तेव्हा दोनदा जमा झालेली हत्यारं मी पाहिली, आणि कागदात दिलेली व कव्हरात दिलेली लांबूनच ओळखू येत होती. पावतीवर नंबर नीट वाचून घ्या.

फेरमुलाम्याचं विचारणारे बरेच. खर्च जाऊ द्या, आधी जुना मुलामा उतरवावा लागतो, मग पोलाद घासून सपाट करावं लागतं, त्यात कडा गोल होतात आणि अक्षरं बुजतात. नंबर बुजला तर ती फक्त हौसेची हानी नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ ओळखचिन्हं पुसण्यालाच मनाई करतं. स्प्रिंगांना मुलामा कधीच नको, आम्लात आणि विजेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्प्रिंग काचेसारखी तुटते. आणि नळांना मुलामा देणाऱ्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडे हत्यार ठेवून येणं हा वेगळाच गुन्हा आहे, कारण त्याच्याकडे परवाना नाही. अर्ध्याहून जास्त मुलामा शाबूत असेल तर मी फेरमुलामा नको म्हणतो.

नाना गेल्या दसऱ्यानंतर आलेच नाहीत, म्हणून मीच फोन केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "आता याच्या डब्याला कुंकू लावतो. ह्यांना पटत नव्हतं, मग मी म्हटलं, तलवारीला लावा की पाहिजे तेवढं."